बडेबाबूंची नोटशीट

ऑक्टोबर 2023 मध्ये आमच्याकडे दोन नव्या गोष्टी आल्या. एक, पांढुर्णा जिल्हा आणि दुसरी, सॅमसंगचा ए-9 प्लस टॅब्लेट. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली निघाल्या, वेगळा जिल्हा झाला आणि त्याचा आनंद जाम नदीच्या दोन्ही काठांना झाला. पांढुर्णा आणि समोरच्या काठावरचं आमचं सावरगाव यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं ही खरं तर तिसरी नवी गोष्ट. टॅब्लेटची खबर मात्र एकट्या बडेबाबूंना होती.

बडेबाबू हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. तहसील कचेरीतून ते बडे बाबू म्हणून निवृत्त झाले आणि हुद्दा सोबत घरी घेऊन आले. आमच्या भागात माणूस भांडतो मराठीत आणि अर्ज लिहितो हिंदीत. बडेबाबूंच्या डोक्यातही हीच वाटणी आहे. भूक मराठीत लागते, विचार नोटशीटवर हिंदीत चालतो. खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल खुणा करायला. साऱ्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय घेतला नाही आणि याचा त्यांना रास्त अभिमान आहे. निर्णय साहेबानं घ्यायचा. बाबूनं दोन्ही बाजू मांडायच्या, खाली ‘आदेशार्थ प्रस्तुत’ लिहायचं आणि कागद वर पाठवायचा. साहेब बदलून जातात, साहेबांच्या चौकशा लागतात. प्रस्तुत करणाऱ्याला कोणी हात लावत नाही.

अडचण एवढीच, की घरात साहेब नाही. ते पद त्यांनी काकूंना देऊ केलं होतं. काकूंनी नोटशीट न वाचताच “कोणताबी घ्या” असा शेरा मारला. अशा शेऱ्यावर अंमल कसा करणार?

टॅब्लेटची गरज खरी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवरचा पेपर त्यांना वाचवेना, आणि पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर बोटभर दिसायचा. पोरानं फोनवर सांगितलं, “बाबा, मोठ्या पडद्याचं काही तरी घेऊन टाका, पैसे मी पाठवतो.” त्याच रात्री बडेबाबूंनी फुलस्केप कागदाला समास आखला आणि दोन रकाने पाडले. डावीकडे ‘जुना, उत्तम’, उजवीकडे ‘नवा, स्वस्त’.

डावीकडे होता टॅब एस-7. 2020 चा. निघाला तेव्हा किंमत 50,000 च्या वर. आता वापरलेला, नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात नव्या ए-9 प्लसच्याच भावात. उजवीकडे कोरा ए-9 प्लस, 20,000 च्या आसपास. कंपनी एक, पडदा दोघांचाही 11 इंची, भाव सारखा. किमतीत दुपटीचा फरक असता तर गरिबीनं तरी निकाल दिला असता. इथं तीही वाट बंद.

“पाह्य,” बडेबाबू मला समजावून सांगत, “जुन्याचं चित्र सेकंदाले 120 खेपा बदलते, नव्याचं 90. जुन्याच्या पडद्यावर ठिपके 2560 गुणिले 1600, नव्यावर 1920 गुणिले 1200. जुन्यासंगं पेन डब्यातच येते. बोटाचा ठसा ओळखते.”

“मंग जुना घ्या नं काकाजी.”

“पण जुन्याले कानातली वायर लावाले भोक नाही. नव्याले आहे. काकू दुपारी झोपते, अन् मी त्याच वक्ती कीर्तन ऐकतो.”

“मंग नवा घ्या.”

“नव्याचा प्रोसेसर साधा आहे बाप्पा. जुन्यात त्या सालचा मोठा प्रोसेसर आहे. मोठ्या साहेबाची सही आहे त्याच्यावर.”

गंमत अशी, की बडेबाबू चुकत नाहीत. रिव्ह्यू करणारी पोरं इंदूर-दिल्लीत बसून हिंदीतून जे ओरडतात, ते सगळं त्यांनी ऐकलेलं असतं, लिहून घेतलेलं असतं आणि समोरासमोर मांडलेलं असतं. सर्वांत मोलाची नोंद तर त्यांनी लाल पेनानं चौकटीत टाकली होती. एस-7 अँड्रॉइड 10 घेऊन निघाला आणि 13 वर येऊन थांबला. पुढची आवृत्ती त्याला मिळाली नाही. ए-9 प्लस निघालाच मुळी 13 घेऊन. म्हणजे एक जिथं निवृत्त झाला तिथं दुसरा नोकरीला लागला. ही चौकट दाखवताना बडेबाबूंचा आवाज जरा कातर होत असे. निवृत्तीचा विषय आला की त्यांची सहानुभूती डाव्या रकान्याकडे झुकायची आणि अक्कल उजव्या.

माझं मत विचाराल तर प्रकरण एवढं अवघड नाही. ज्याला चित्रं काढायची, टिपणं लिहायची, त्यानं जुना उत्तम घ्यावा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा. ज्याला पेपर वाचायचा, नातवाचं तोंड पाहायचं आणि अधूनमधून बँकेचं अॅप उघडायचं, त्यानं नवा घ्यावा. कारण सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालेल्या यंत्रावर पैशाचे व्यवहार करू नयेत. नव्यातही 4 जीबीच्या नादी लागू नये, 8 जीबीचा घ्यावा. एवढं मी त्यांना चहा निवायच्या आत सांगितलं. बडेबाबूंनी ते मन लावून ऐकलं आणि नोटशीटवर घेतलं: ‘एक पक्ष का यह भी मत है।’

मग पाटील आले. पाटलांचा आणि यंत्रांचा संबंध नाही, त्यांना नाद गवळाऊ बैलांचा. पांढरे, अंगानं हलके, पायाला चपळ. नागपूर, वर्धा आणि आमचा छिंदवाड्याकडचा भाग हेच या जातीचं घर. पाटलांनी दोन्ही रकाने ऐकून घेतले आणि एकच सवाल टाकला, “दात पाह्यले का?”

बैल घेताना माणूस आधी जबडा उघडतो. दोनदाती म्हणजे गोऱ्हाच, मग चारदाती, सहादाती; आठही दात आले की बैल जुळला. त्यानंतर त्याचं वय मालक सांगेल तेवढं, आणि मालकावर तर बाजारात कोणीच विश्वास ठेवत नाही. उत्तम जातीचा जुळलेला बैल घ्यावा, की साध्या जातीचा चारदाती, हा सवाल पाटलांच्या आज्यालाही पडला होता. टॅब्लेटचे दात म्हणजे बॅटरी. लिथियमची बॅटरी 500-एक पूर्ण चार्ज खाऊन झाली, की साधारण 80 टक्क्यांवर उतरते. पण एस-7 चा जबडा उघडून तो आकडा सरळ पाहता येत नाही. दुकानदार म्हणतो, “डॉक्टरसाहेबांचा टॅब आहे, कमी वापरला.” वापरलेल्या मालाचा आधीचा धनी नेहमी डॉक्टरच का असतो, हे मला कळलेलं नाही. रोग्यांना वेळ देत नाहीत म्हणतात, तसे टॅबलाही देत नसतील.

पाटलांच्या सवालानं नोटशीटला पुरवणी जोडली गेली. ‘दंत-परीक्षण’ असं तिचं शीर्षक.

बाहेरगावच्या माणसाला सावरगाव म्हटलं की गोटमारच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि या काठाचे त्या काठाला दगड मारतात. पांढुर्ण्याचा पोरगा आणि सावरगावची पोरगी पळून जाताना नदीत अडकली, तिथून हे सुरू झालं अशी कथा सांगतात. डोकी फुटतात, दरवर्षी; काही वर्षी जीवही गेले आहेत. कोणत्या काठावर उभं राहायचं, हे इथं जन्मानं ठरतं, त्याला कोणी रकाने पाडत नाही. बडेबाबूंचं आजोळ पांढुर्ण्याचं. म्हणून ते त्या दिवशी कुठल्याच काठावर जात नाहीत, ओसरीवर बसतात. एका गोटमारीला भाचा डोक्याला पट्टी बांधून परत आला. काकू हळद-दूध घेऊन धावल्या. बडेबाबूंनी त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “तू जुना फोन घेतला होता नं रे, त्याची बॅटरी फुगली का?”

पैशाची सबब संत्र्यानं पुरवली. बडेबाबूंचा छोटासा बगीचा आहे. पोराकडून पैसे घेणं त्यांच्या हिशेबात बसत नाही, तेव्हा टॅब घ्यायचा तो संत्र्याच्या पैशातून. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर उतरतं. तेव्हा बडेबाबू म्हणतात, आंबियाचा भाव पडला, मृगाचं पाहू. मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. तेव्हा म्हणतात, आता उन्हाळा, उन्हात बॅटरी तापते. जूनमध्ये म्हणतात, पावसाळी हवा यंत्राला मानवत नाही. मग पोळा, मग दिवाळीचे सेल, आणि सेलमध्ये घ्यायचं नाही, कारण सेलनंतर भाव अजून उतरतात. त्यानंतर पुन्हा आंबिया.

याच माणसाचं दुसरं रूप मी पाहिलं नसतं, तर त्यांना नुसतं चेंगट म्हणून सोडून दिलं असतं. आमच्या गल्लीतली एक पोरगी बारावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाली. 75 टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देतं, ते तिच्या खात्यात आले. ती बडेबाबूंकडे आली. त्यांनी तीन प्रश्न विचारले: काय शिकणार, घरून की होस्टेलवरून, वरचे किती टाकता येतील? तिसऱ्या उत्तराबरोबर त्यांनी मॉडेलचं नाव सांगितलं, कोणतं घेऊ नको तेही सांगितलं, आणि बिलावर कोणती ओळ तपासायची तीही. पोरगी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पेढे वाटत आली. तशी अर्ध्या सावरगावची यंत्रं बडेबाबूंच्या सल्ल्यानं आलेली आहेत आणि एकानंही तक्रार केलेली नाही. कारण उघड आहे. तिथं साहेब ती पोरगी होती. बडेबाबूंनी फक्त प्रस्तुत केलं. त्यांना अडतं ते फक्त स्वतःच्या नावाच्या कागदावर. आणि मला हळूहळू असंही दिसायला लागलं, की ही फाईल उघडी आहे तोवर रोज कोणी ना कोणी ओसरीवर येतं, “काय ठरलं जी काकाजी?” विचारतं, चहा होतो. टॅब आला तर लोक टॅब पाहायला एकदा येतील.

2025 च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी उतरवण्याची गोष्ट केली. बडेबाबूंनी फाईलवर ‘स्थगित’ लिहिलं. सरकार स्वतः भाव उतरवत असताना आधी घेणं मूर्खपणा. 22 सप्टेंबरला नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही, एसी 28 टक्क्यांवरून 18 वर आले. ट्रॅक्टर 12 वरून 5 वर आले, आणि पाटलांनी खरोखरच ट्रॅक्टर दारात उभा केला, हार घालून. टॅब्लेट आधीही 18 मध्ये होता, नंतरही 18 मध्येच राहिला. बडेबाबूंनी ट्रॅक्टरचा पेढा खाल्ला आणि ‘स्थगित’वर काट मारली.

वर्ष सरता सरता ए-11 प्लस आला. ज्या नव्याची जुन्याशी तुलना चालली होती, तो नवाच जुना झाला. तिकडे 2023 चा एस-9 वापरलेल्या बाजारात दिसू लागला, पाण्यालाही न भिणारा. म्हणजे डाव्या रकान्यातही नवा जुना आला. एस-7 ची शिफारस करणारं सीताबर्डीचं दुकान आता कपड्यांचं आहे. दोनाचे चार रकाने झाले, फुलस्केप पुरेना म्हणून आडवा धरला. बडेबाबू त्या दिवसांत तरुण दिसत होते.

या सगळ्यात पोराचा धीर सुटला. त्यानं कोणालाही न विचारता पुण्याहून आयपॅड पाठवून दिला. 2025 च्या मार्चमध्ये आलेला साधा आयपॅड, ए-16 चिपचा, छापील किंमत 34,900. चारही रकान्यांत न बसणारा. कुरिअरवाल्यानं डबा दिला, काकूंनी सही केली, आणि बडेबाबूंनी डब्याभोवती एक फेरी मारली. तीन कोटेशन नाहीत, तुलनात्मक तक्ता नाही, मंजुरी नाही. त्यांच्या नोकरीत अशा खरेदीवर ऑडिटनं आक्षेप काढला असता. आवकच्या वहीत नोंद झाली: ‘सप्रेम भेट, बिना निविदा प्राप्त’. डबा गजानन महाराजांच्या फोटोखालच्या कपाटात गेला, न खोलता.

पोरगा फोनवर विचारतो, “बाबा, लावला का?” बडेबाबू म्हणतात, “परीक्षण चालू आहे.” काकू मागून ओरडतात, “डबा बी खोलला नाही, सांगा नं!” मी त्यांना सांगितलं, की बॅटरी अशी वर्षानुवर्षं पडून ठेवायची नसते; बराच काळ ठेवायचा तर निम्मा चार्ज करून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा, असं कंपनीच सांगते. यावर त्यांनी कॅलेंडरवर लाल खूण केली. खूण सहा महिन्यांनंतरच्या तारखेवर केली.

होळीच्या सुमारास गेलो तेव्हा कपाट उघडं होतं आणि डबा बडेबाबूंच्या मांडीवर. मला वाटलं, झालं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वेष्टनावरून अंगठा फिरवला.

“काकाजी, आता खोला नं.”

“खोलतो नं. पण तू एक सांग मले.” त्यांनी नोटशीट पुढं ओढली, निळं पेन खिशात ठेवलं, लाल काढलं. “हा निघाला त्याले एक साल झालं. पण वापरला कोणीच नाही, सील बी तुटलं नाही. मंग याले जुन्याच्या रकान्यात टाकू, का नव्याच्या?”