उणे बाकी

क्रेडिट कार्डावरून पैसे जातात तेव्हा कसा गाजावाजा होतो! दुकानदाराने पिशवी हातात द्यायच्या आत खिशातला फोन वाजतो, रक्कम कळते, दुकान कळतं, मर्यादेतलं किती शिल्लक उरलं तेही कळतं. तेच पैसे परत येतात तेव्हा मात्र चोरपावलांनी. बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर रकमेपुढे 'सीआर' अशी अक्षरं उमटलेली दिसतात, आणि झाला समारंभ. हातात काही पडत नाही. आपल्या देण्यातून तेवढं वजा होतं, एवढंच. भांडून मिळवलेल्या पैशाची निदान एक जिलेबी तरी यावी असं वाटणाऱ्या माणसाची ही शुद्ध फसवणूक आहे.

आमचे मेव्हणे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. घरात अजूनही त्यांची जमा-नावे लिहिलेली लांबट वही आहे आणि दूधवाल्याचा हिशेबही तिच्यातून सुटत नाही. मुलीने आग्रहाने त्यांना क्रेडिट कार्ड घेऊन दिलं, दोन लाखांच्या मर्यादेचं. मर्यादा ऐकून त्यांना आनंद झाला नाही, "एवढं कर्ज मी मागितलं कुठे?" असं त्यांनी विचारलं. पुढे महाबळेश्वरच्या एका हॉटेलाने खोलीचे ८,६४० रुपये दोनदा घेतले, एकदा बुकिंग करताना ऑनलाइन आणि पुन्हा निघताना काउंटरवर. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आमच्याकडे आधीचे आलेलेच नाहीत. आले की परत करू." ते काही परत झाले नाहीत.

बिल आलं तेव्हा त्यात हॉटेलाचं नावच नव्हतं. कुठल्याशा हॉस्पिटॅलिटी प्रायव्हेट लिमिटेडचं, तेही शेपूट तुटलेलं नाव. दुकानाच्या पाटीवर एक आणि बँकेकडे नोंदलेलं दुसरंच, हे नेहमीचं आहे. भलेभले लोक स्वतःच केलेला खर्च चोरी समजून तक्रार करतात ते यामुळेच. मेव्हणे फसले नाहीत, कारण त्यांच्याकडे काउंटरवरची पावती होती. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरं कालांतराने उडून जातात, हे ओळखून त्यांनी त्याच संध्याकाळी तिची झेरॉक्स काढली होती. आणि झेरॉक्सवर 'सत्यप्रत' लिहून खाली स्वतःच सही ठोकली होती.

ती सत्यप्रत घेऊन तक्रार निघाली. तिचा प्रवास मला नंतर कळला तेव्हा मी थक्क झालो. आपल्याला वाटतं, बँकेने हॉटेलाला फोन करून दटावलं की काम झालं. तसं नसतं. आपली बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे, ज्याचं कार्ड असेल त्याच्या जाळ्यात दावा टाकते. तिथून तो दुकानदाराच्या बँकेकडे जातो आणि ती दुकानदाराला विचारते. याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदार गप्प बसला तर पैसे आल्या वाटेने उलटे निघतात. त्याने कागद दाखवून हरकत घेतली तर तेच प्रकरण पुन्हा आपल्या बँकेकडे येतं, आणि तरीही मिटलं नाही तर कार्ड कंपनी पंच म्हणून बसते. ८,६४० रुपयांसाठी दोन बँका, एक जागतिक कंपनी आणि एक हॉटेल कामाला लागलेलं असतं. मेव्हण्यांना हे ऐकून समाधान वाटलं. फाइल चार टेबलांवरून फिरते आहे म्हणजे काम रीतसर चाललं आहे, अशी त्यांची धारणा आहे.

मधेच बँकेने ते पैसे 'तात्पुरते' जमा केले. म्हणजे चौकशी चालू आहे, तोवर हे धरा; निकाल विरुद्ध गेला तर परत काढून घेऊ. मेव्हण्यांनी वहीत ती रक्कम पेन्सिलीने लिहिली. वहीत पेन्सिल लागण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या पानाकडे ते जरा संशयानेच बघायचे.

कार्डावरून खरोखरची चोरी झाली असती तर नियम आणखी ठसठशीत होते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. आपली चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे लांबवले आणि आपण कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर आपल्यावर एका पैशाचा बोजा नाही. बँकेने कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची, आणि तीही चोरी झाली त्या तारखेपासून. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मेव्हणे चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "पाहुणे, मागच्या तारखेने जमा? आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असता, वेतनवाढ गेली असती!" त्यांच्या उभ्या हयातीत जो गुन्हा होता तो रिझर्व्ह बँक सक्तीने करायला लावते, हे त्यांना पचायला दोन दिवस लागले.

अमेरिकेत १९७४ सालीच कायदा होऊन कार्डधारकाला चुकीच्या बिलाविरुद्ध साठ दिवसांत लेखी तक्रार करायचा हक्क मिळाला. त्यामागे ग्राहकावरचं प्रेम किती आणि धंद्याचा हिशेब किती, हे मी सांगायला नको. पैसे परत येण्याची खात्री असल्याशिवाय माणूस अनोळखी दुकानात प्लॅस्टिकचा तुकडा पुढे करत नाही.

तर मेव्हण्यांचा निकाल बाजूने लागला. हॉटेलाने उत्तरच दिलं नाही. वहीतल्या पेन्सिलीवर निळी शाई चढली. पण खरा घोळ इथून पुढे. वादातली रक्कम तूर्त भरू नका असं बँकेतली मुलगी सांगत असताना त्यांनी ते सगळं बिल आधीच चुकतं केलेलं होतं. थकबाकी हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा आहे. त्यामुळे आता कार्डावर देणं शून्य आणि वर ८,६४० जमा. बाकी उणे झाली. वाण्याच्या वहीत आपल्या नावावर उधारीऐवजी आपलंच येणं निघावं, तसा प्रकार. वाणी अशा वेळी किलोभर साखर तरी पुढे करतो. बँक काही करत नाही.

मेव्हण्यांनी फोन लावला. "म्हणजे आता बँक माझी देणेकरी?" 

"हो सर, तसं म्हणता येईल." 

"मग व्याज काय दराने देता?" 

पलीकडे शांतता. मग, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

प्रश्न रास्तच होता. आपण थकलो तर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांपर्यंत चढतं, वर्षाचे चाळीसच्या पुढे जातात. बँक थकली तर शून्य. वर अशा परताव्यात मूळ खरेदीवर मिळालेले रिवॉर्ड पॉइंटही गुपचूप काढून घेतात. डॉलरमधली खरेदी असेल तर जातानाचा आणि येतानाचा भाव वेगळा असतो, आणि पंचवीस डॉलर गेले, पंचवीसच आले, तरी रुपयात काहीतरी सांडू शकतं. यावर मेव्हण्यांनी वहीत एक समास सोडला आहे. त्यात अजून काही लिहिलेलं नाही, पण तो सोडलेला आहे.

आमच्या घरी सर्वांचा सल्ला एकच होता: कार्डावर जमा आहेत ना, मग खर्च करून टाका. सौभाग्यवतींनी तर भावाच्या वतीने मिक्सरही पसंत केला. बँकांनाही हेच बरं वाटत असणार. पैसा कार्डावर पडून राहिला की आज ना उद्या तिथेच विरघळतो. रिझर्व्ह बँकेला ही खोड ठाऊक असावी, कारण २०२२ च्या निर्देशांत तिने यावर नेमकं बोट ठेवलं. बिल आधीच भरलेलं असताना परताव्याची रक्कम मर्यादेच्या एक टक्का किंवा पाच हजार, यातल्या कमी आकड्याहून जास्त असेल, तर ती कार्डातच वळती करून घ्यायला ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. बँकेने सात दिवसांच्या आत ईमेल किंवा मेसेजने ती मागायची. उत्तर आलं नाही, तर पैसे ग्राहकाच्या बँक खात्यात पाठवायचे. रक्कम कितीही असो, ग्राहकाने स्वतःहून मागितली तर कामकाजाच्या तीन दिवसांत.

दोन लाखांचा एक टक्का दोन हजार. मेव्हण्यांचे ८,६४०. तेव्हा मेसेज आला: रक्कम कार्डात वळती करून घेण्यास संमती असल्यास उत्तर द्या.

आता, गेली कित्येक वर्षं बँका, पोलीस आणि दूरदर्शन एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आहेत, की पैसे देऊ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर देऊ नका. मेव्हण्यांनी तो मेसेज नातवाला मोठ्याने वाचून दाखवला, "भामटे हे असे लिहितात" असा पाठ दिला आणि फोन बंद करून ठेवला. बँकेने वाट पाहिली. संमती आली नाही. नियम नियमाप्रमाणे चालला आणि रक्कम त्यांच्या बचत खात्यात जाऊन पडली. आयुष्यभर ज्या संशयापायी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याच्या बळावर ते एकटेच अख्खी रक्कम पदरात पाडू शकले. मिक्सर अर्थातच बारगळला.

पासबुक भरून आणल्यावरही त्यांचं मन भरेना. दुसऱ्या दिवशी ते एटीएमवर गेले, कारण पैसे परत आले म्हणजे ते दिसले पाहिजेत. एटीएम शंभराच्या पटीतच देतं. त्यांनी ८,६०० काढले, तिथेच भिंतीकडे तोंड करून दोनदा मोजले, आणि घरी येऊन वहीत निळ्या शाईने नोंद केली: प्राप्त ८,६००, बँकेकडून येणे ४०.