मागच्या बाकावरचा परलोक

मे महिन्यात यवतमाळात दुपारी दोन ते पाच जिवंत असणं ही निव्वळ कागदोपत्री बाब असते. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला, कूलरच्या ताट्यांमधून ओल्या गवताचा वास येत असतो आणि माणूस नुसता पडून असतो. अशाच एका दुपारी पुण्याहून आलेल्या नातीनं लॅपटॉप समोर ठेवला आणि विचारलं, "आबाजी, मेल्यावर शाळेत जावं लागलं तर?"

छत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? मेल्यावर तरी शाळेची घंटा कानी पडू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

मालिका 'एंजल बीट्स'. जपानी, २०१० सालची, जून माएदा यांनी लिहिलेली, भाग तेरा. आकडा ऐकताच स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "म्हणजे तेरवीच झाली नाही का जी!"

ओतोनाशी नावाचा मुलगा डोळे उघडतो तो थेट परलोकात. चित्रगुप्त नाही, वैतरणी नाही; समोर वसतिगृहासकट भलीमोठी शाळा आणि शेजारी बंदूक रोखून बसलेली युरी. तिचं भांडण देवाशी. जिवंतपणी तिची धाकटी भावंडं चोरट्यांनी मारली, त्याचा जाब तिला विचारायचाय. देव काही भेटत नाही, म्हणून तिची टोळी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षबाईंशी लढते. साहेब जागेवर नसला की शिपायाशी हुज्जत घालायची, ही रीत तिथंही आहे म्हणायची.

आपल्याकडेही नचिकेत नावाचा एक पोट्टा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला होता. प्रश्न सोड म्हणून यमानं त्याला हत्ती-घोडे देऊ केले. आजचा यम असता तर त्यानं मोबाइल देऊन पाहिला असता.

त्या शाळेचा नियम मात्र भारी. नियमानं वागलं, वर्गात लक्ष दिलं की मूल गायब होतं! म्हणून ही टोळी धड तासाला बसत नाही आणि बसली तर ऐकत नाही. एका परीक्षेत तर पर्यवेक्षकांचं लक्ष उडवायला युरी आपल्याच गड्यांच्या खुर्च्या रॉकेटसारख्या छतावर आदळवते. बोर्डाच्या परीक्षेत मी कॉपीचे नाना प्रकार पकडले, पण वर बघायचं कधी सुचलं नाही.

नियम ऐकून मी उठूनच बसलो. हे मला जपान्यानं सांगायची गरज नव्हती. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून टकामका फळ्याकडे बघणारी मुलं बारावी झाली, एका संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये चढली आणि गायब! शकुंतला ही आमची छोटी रेल्वे होती तेव्हा पळणारा मूर्तिजापूरपर्यंत तरी दिसायचा. आता तीही गायब. माझा स्वतःचा मुलगा फार लक्ष देऊन ऐकायचा. त्याचं फळ म्हणून तो आता दिवाळीला चार दिवस दिसतो.

उरले कोण? मागच्या बाकावरचे. एकाचं कृषी केंद्र आहे, एकाची जीप आहे. तिसरा त्याच सकाळी आमच्या कूलरचा पंप बसवून गेला. पैसे घेईना. "राहू द्या सर, तुम्ही दोन वर्षं मले बाकावर उभं केलं, तवाच पाय मजबूत झाले." ही मालिका काढणारा स्टुडिओही टोकियोत नाही, तोयामा नावाच्या आडबाजूच्या प्रांतात आहे. तिथंही मागचा बाक असणार.

तिथल्या कॅन्टीनमध्ये मापो तोफू मिळतं, इतकं जहाल की कुणी मागवत नाही. ओतोनाशी तोंड पोळून घेतो आणि मग म्हणतो, चव आहे. पदर खोचून बघत असलेली ही म्हणाली, "तर्रीच हाय ते. त्यात पोहे टाका म्हणा."

सगळ्यात आधी मर्मही हिलाच कळलं. हिनाता नावाच्या मुलाचा जिवंतपणी एक झेल सुटलेला असतो. परलोकातल्या बेसबॉलच्या सामन्यात अगदी तसाच चेंडू त्याच्याकडे येतो. झेलला तर मन शांत होणार आणि गडी गायब होणार. तेवढ्यात युई नावाची पोरगी मागून येऊन त्याला आडवा करते. झेल सुटतो, हिनाता उरतो.

"दहाव्याचा कावळा आहे हा," ही म्हणाली. नातीला समजेना. मग हिनं सांगितलं, माझ्या सासऱ्यांच्या पिंडाला कावळा दोन तास शिवेना. जमीन सांभाळू, गाय विकणार नाही, सगळं बोलून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आबा, शकुंतलेत बसवतो तुम्हाले." शिवला!

नात हसली. मी गप्प झालो. आमच्या जिल्ह्यात घाईनं गेलेली, इच्छा मागे ठेवून गेलेली माणसं फार. २०१९ च्या जानेवारीत इथं साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, वैशाली येडे यांनी केलं. पुढच्या जन्माच्या भरवशावर नाही, याच जन्मात लढायचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. युरी बंदूक घेऊन जे बोलते, ते त्या साध्या साडीत, माइकसमोर उभ्या राहून बोलल्या.

नात निघायच्या दिवशी बारा भाग झाले होते. "तेराव्यात निरोप समारंभ आहे, आबाजी. अर्ध्या तासात होईल, लावू?" तिची बॅग दारात होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता.

निरोप समारंभ मी छत्तीस केले. म्हटलं, "डोळे दुखून राहिले बेटा. दिवाळीला बघू."

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. ती गेल्यावर हिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पोरीचा झेल पाडला न जी तुम्ही?"