जरा हसरा काढ

चेहरा काढायला शिकताना पहिला धक्का डोळे देतात. डोळे म्हणजे कपाळाच्या जरासे खाली, अशी आपली बालवाडीपासूनची समजूत. प्रत्यक्षात ते टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मधोमध असतात. सरांनी हे सांगताच अख्ख्या वर्गाने मुकाट्याने आपापल्या तोंडासमोर पेन्सिल धरून मापं घेतली. दोन डोळ्यांमध्ये तिसरा मावेल एवढी जागा, कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत... इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात सगळी जत्रा पाठमोरी काढून सुटलेल्या माणसाला हे सारंच नवीन होतं.

मापं जमली की चेहरा होतो, पण कुणाचाही. फार तर पोलिसांना हव्या असलेल्या इसमाचा. भाव हवे असतील तर समोर माणूस हवा, आणि घरच्या माणसाला ‘जरा बस, तुझं चित्र काढतो’ म्हटलं की त्याचं तत्काळ आधार कार्ड होतं.

सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते खुशाल राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. त्या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली होती. ही गोष्ट मी आमच्या कन्येला भक्तिभावाने ऐकवली. तिने विचारलं, “बाबा, मोबाइलचा टॉर्च चालेल?” चालला नाही. हनुवटीखालून उजेड आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि आपल्या पोटच्या पोरीकडे बघायलाही धीर लागतो.

शेवटी आत्या सापडली. ती मेथी निवडता निवडता कुठल्याशा लग्नातल्या मानपानाची हकिगत सांगत होती. मी कोपऱ्यात बोर्ड मांडीवर घेऊन बसलो. डावी भुवई वर, मान किंचित मागे, खालचा ओठ आत दुमडलेला. विहिणीचा उल्लेख आला की नाकपुड्या फुलायच्या. कवींनी डोळ्यांचं उगाच कौतुक करून ठेवलंय. माणूस खरा राहतो ओठांच्या कोपऱ्यात. तिथे कोळशाची रेघ केसभर वर गेली तर तुच्छतेची माया होते, खाली आली तर दातदुखी. मी बोटाने पुसत, रबराने उजेड उचलत राहिलो आणि अचानक कागदावर आत्या त्या विहिणीला नावं ठेवू लागली.

चित्र बघून घरचे गप्प झाले. बायको कानात म्हणाली, “हे त्यांना दाखवू नका. जरा हसरा काढा.” पण आत्याने तोवर कागद ओढून घेतला होता. चष्मा वर-खाली करत तिने बराच वेळ निरखलं. भुवईला, नाकपुड्यांना, त्या ओठांना तिने काहीही हरकत घेतली नाही.

“मेल्या,” ती म्हणाली, “पाटल्या कुठायत माझ्या?”