शुद्ध इंग्रजीतली अशुद्धता

दाणे खवट लागले तर तुम्ही-आम्ही थुंकून टाकतो. आमच्या सोसायटीतले सर आधी विचारतात, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?" दाणे आपणहून बिघडले, म्हणजे रॅन्सिड, इथे आरोपी नाही, खटला निकालात. त्यात कोणी चार खडे मिसळले असते तर मात्र अडल्टरेट. मग सरांचे डोळे चमकतात, कारण आता दुकानदार आला, तराजू आला, नफा आला.

गावोगाव अशी माणसं असतात. कुणाचा जीव ऱ्हस्व-दीर्घात अडकलेला, कुणाचा आमटीच्या फोडणीत. डोंबिवली पूर्वेत राहणाऱ्या, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या सरांचा जीव अडकलाय तो घाण करण्याच्या इंग्रजी क्रियापदांत. ते म्हणतात, "इंग्रज माणूस भाजी दोनच प्रकारे करतो, उकडून आणि आणखी उकडून. पण एखादी गोष्ट बिघडवायची म्हटली की त्याच्याकडे डझनभर क्रियापदं!"

ती वाटून देण्याची सरांची रीत ठरलेली आहे. कोणी केलं, मुद्दाम केलं का, आणि पैसे कोणाला सुटले, हे तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरं मिळाली की अडल्टरेट. एकाचंही मिळालं नाही, नुसता कशाचा तरी संसर्ग झाला, की कंटॅमिनेट. नदी किंवा आभाळाएवढा पसारा असेल तर पोल्यूट. किंचित वास, किंचित डाग, पण जन्मभर न जाणारा, तो टेंट. देवळात चपला घालून गेलात तर डिफाइल. त्याला आधी पावित्र्य लागतं, म्हणून सोसायटीच्या जिन्यात पिचकारी मारणाऱ्याला सर तो शब्द देत नाहीत. नाण्यातली चांदी कमी केली तर डिबेस. इथे आठवा हेन्री येतो. त्याने नाण्यात इतकं तांबं घातलं, की चांदीचा मुलामा झिजून राजाचं नाक लाल दिसायला लागलं आणि लोकांनी त्याचं नावच तांबडनाक्या पाडलं.

सरांना ऐतिहासिक दाखले आठवतात ते नेमके लोकांच्या तोंडात घास असताना. बारशाला पेढा उचललात की १८५८ सालचं ब्रॅडफर्ड निघालंच. तिथल्या मिठाईवाल्याला साखर परवडत नव्हती म्हणून तो गोळ्यांत जिप्समची भुकटी मिसळायचा. एकदा औषधवाल्याच्या नोकराने चुकून जिप्समऐवजी सोमल दिला. वीसएक माणसं मेली, दोनशेच्या वर आजारी पडली. "आता सांगा," सर पेढा धरलेल्या पाहुण्याला विचारतात, "करायचं होतं अडल्टरेट, झालं पॉयझन. दोष कुठल्या क्रियापदाचा?" पाहुणा पेढा गुपचूप बशीत ठेवतो. काकू आतून ओरडतात, "अहो, बाळाचं नाव तरी ठेवू द्या!"

कायद्याची पुस्तकं सर कादंबरीसारखी वाचतात. १८६०च्या दंडसंहितेवर त्यांचं विशेष प्रेम. तिच्यात अन्न अडल्टरेट होतं, सार्वजनिक झऱ्याचं पाणी करप्ट किंवा फाउल होतं, हवा व्हिशिएट होते आणि प्रार्थनास्थळ डिफाइल होतं. कोणी कोणाच्या हद्दीत घुसत नाही! १ जुलै २०२४ला नवी न्यायसंहिता लागू झाली, तेव्हा वकील मंडळी कलमांचे नवे आकडे पाठ करत होती आणि सर क्रियापदं तपासत होते. ती जागच्या जागी सापडली, तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. अर्थात एका पेढ्यावर आयोडीनचा थेंब टाकून, निळा पडत नाही ना, पिठूळ नाही ना, याची खात्री झाल्यावर.

१९७४चा पाण्याचा कायदा मात्र त्यांना छळतो. त्यात पोल्यूशनची व्याख्या सुरू होते तीच कंटॅमिनेशन या शब्दाने. "म्हणजे धाकट्याच्या खांद्यावर थोरला उभा!" असं म्हणत सर रात्री येरझाऱ्या घालतात. बाकी डोंबिवलीकर असल्यामुळे त्यांना पोल्यूटची उदाहरणं कधी कमी पडली नाहीत. २०१४च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला आणि २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. सगळे नाकाला रुमाल लावून पळत असताना सर त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "आता कसं! या शब्दाला साजेसं काम झालं."

एकदा आम्ही हॉटेलात बसलो होतो. सांबारात झुरळाचा पाय निघाला. सगळे मालकावर तुटून पडले. सर शांतपणे म्हणाले, "थांबा. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात कंटॅमिनंटच्या व्याख्येतून किड्यांचे तुकडे आणि उंदराचे केस स्पष्टपणे वगळलेत. हे कंटॅमिनेशन नाही." मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सरांसाठी स्पेशल फिल्टर कॉफी मागवली. सरांनी वाक्य पूर्ण केलं, "हे एक्स्ट्रेनियस मॅटर. कलम ५४, दंड एक लाखापर्यंत." कॉफी परत निघाली. तिला अडवून सरांनी विचारलं, "हिच्यात चिकोरी किती? चालते बरं का, पण पाटी लावा. सांगून मिसळलं तर मिश्रण, न सांगता मिसळलं तर भेसळ."

सरांना न विचारता इंग्रजी लिहिलं की काय होतं, ते आमच्या सेक्रेटरींना दूधवाल्याच्या प्रकरणात कळलं. दूध पातळ येत होतं. सेक्रेटरींनी तावातावाने नोटीस लावली: 'अवर मिल्कमन इज ॲन अडल्टरर.' दूधवाल्याची मुलगी दहावीत, इंग्रजीत हुशार. तिने नोटीस वाचली, अर्थ आईला सांगितला, आणि संध्याकाळी ती माउली पदर खोचून गेटवर उभी राहिली. सरांना खाली बोलावलं गेलं. त्यांनी शबनममधून लॅक्टोमीटर काढला आणि निवाडा दिला, "दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरं, म्हणून सेक्रेटरींची गफलत झाली. वहिनी, तुमचे यजमान दुधात पाणी घालतात, ते या यंत्राने सिद्ध होतं. परस्त्रीशी संबंधाच्या आरोपाला मात्र माझ्याकडे काही पुरावा नाही." बाई जरा निवळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, त्याचंबी यंत्र मिळतंय का कुठं?"

तोवर सर म्हणजे आमची करमणूक होती. मग टाकीत कबूतर पडलं. निम्मी सोसायटी पोट धरून बसली आणि नोटीस लागली: 'वॉटर हॅज बीन कंटॅमिनेटेड.' आम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही. सरांनी लाल पेनाने खाली लिहिलं, 'बाय हूम?' सभेत ते उभे राहिले. "कंटॅमिनेट हा समित्यांचा लाडका शब्द आहे. त्यात कर्ता लागत नाही. पाणी आपलं आपण बिघडतं आणि सगळे घरी जातात. माझे प्रश्न साधे आहेत. झाकण कोणी उघडं ठेवलं? टाकी साफ केल्याची बिलं दर तिमाहीला निघाली, मग तळाशी बोटभर गाळ कसा? आणि पैसे कोणाला सुटले?" सेक्रेटरी म्हणाले, "सर, हे शब्दांचे खेळ आहेत." सर म्हणाले, "पाण्याला मी कंटॅमिनेटेडच म्हणतो. बिलांसाठी वेगळा शब्द काढावा लागेल." सभागृहात पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. आम्ही इतकी वर्षं ज्याला चिकित्सेचं वेड समजलो, ते वेड हिशेब मागायला लागलं होतं.

पुढच्या निवडणुकीत सर अध्यक्षपदाला उभे राहिले, समोर सेक्रेटरी. शेवटची चिठ्ठी धरून मतं समसमान झाली. ती चिठ्ठी सरांच्या बाजूची, पण त्यांच्या कुणा माजी विद्यार्थ्याने फुलीखाली प्रेमाने लिहिलं होतं, 'ऑल द बेस्ट सर.' निवडणूक अधिकारी ती धरायला तयार होते. सेक्रेटरीही गप्प होते. सरांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उजेडात धरली आणि जाहीर केलं, "याला स्पॉइल्ट म्हणतात. बाद करा." काकूंनी कपाळाला हात लावला. सर एका मताने पडले.

नव्या अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी पहिला निर्णय अमलात आणला. सोसायटीच्या खर्चाने भक्कम कुलूप आणलं आणि काच बसवून नोटीसबोर्डाला लावलं. टाकीचं झाकण अजून उघडंच आहे.