वाटीतलं राजकारण

धानाच्या मुलखात, भाताचं संशोधन केंद्र असलेल्या साकोलीत ओट्स शिजू लागले आणि घराघरांत पक्ष पडले. डॉक्टरांच्या धाकाने खाणारे ते पाण्यात शिजवतात आणि साऱ्या घराकडे रागाने बघत गिळतात. सुनेचा पक्ष दुधाचा. वर केळं, मध, बदामाचे काप. सासऱ्यांचा पक्ष फोडणीचा: कांदा, हिरवी मिरची आणि डॉक्टरांनी बंद केलेलं तेल. कोलेस्टेरॉल उतरायला दिवसाला ओट्समधलं ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं, असं अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्य केलं. त्यात फोडणी धरलेली नव्हती.

खरी गंमत वरून भुरभुरायच्या जवसाची. धान कापण्याआधी ओल्या बांधीत जवस नि लाखोळी फेकायची, ही इथली उतेऱ्याची जुनी रीत. घरचं जवस बाजारात विकायचं आणि तेच चकचकीत पाकिटातून महागात आणायचं, याला म्हणे आरोग्याची जाण! तांदळाची पेज मात्र आजाऱ्याने खायची.

बाकी, महाराष्ट्रात ओट पेरतात तो बहुधा रब्बीत, चाऱ्यासाठी. ‘केंट’ ही त्याची नावाजलेली जात. दुभती जनावरं ती वरून काहीही न घालता, बिनतक्रार खातात.