लसूण सोलणारा कम्प्युटर

आमच्या स्वयंपाकघराची भिंत म्हणजे सातबारा आहे. खिळा ज्याच्या नावचा, जागा त्याची. त्यातला सगळ्यात जुना खिळा आईचा, आणि त्यावर कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये हे कॅलेंडर काढलं, तेव्हापासूनचा तोच खिळा असावा, असा माझा अंदाज आहे. त्याच खिळ्याला गॅसचं पुस्तक, पुस्तकाच्या पोटात विजेची बिलं. तारखांच्या चौकोनांत आई काय लिहीत नाही? दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याचा दिवस, कापूस वेचणाऱ्या बायांचे किलो, म्हैस कधी फळली ते, आणि लाल पेनानं, माझ्या सासुरवाडीचे लोक किती दिवस राहिले ते. वर्ष सरलं की कॅलेंडर गुंडाळून कोठीत जातं आणि भांडणाच्या वेळी पुरावा म्हणून बाहेर येतं.

अशा भिंतीवर टचस्क्रीनचा कम्प्युटर बसवायचा, असं मी जाहीर केलं. पुण्यामुंबईत असं काही सांगितलं तर लोक 'कसा?' विचारत असतील. आमच्या मारेगावात पहिला प्रश्न 'काहून?' असतो.

"तुमची सोय व्हावी म्हणून," मी म्हणालो.

"आम्ही कधी म्हटलं गैरसोय होते म्हणून?" बायको म्हणाली.

हे बोलणं जगात पहिल्यांदा आमच्याच घरी झालं असं नाही. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या निमन मार्कस नावाच्या श्रीमंती दुकानानं आपल्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा 'किचन कम्प्युटर' विकायला काढला. किंमत १०,६०० डॉलर. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांना होता, म्हणजे जवळजवळ ऐंशी हजार रुपये. वजन ४५ किलोच्या वर. भाजी चिरायला त्यालाच एक पाट जोडलेला. पडदा मात्र नाही. समोर खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. बाईनं खटके वरखाली करून शून्य-एकच्या भाषेत विचारायचं की आज पालकाचं काय करू, आणि दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचायचं. ते शिकवायला दोन आठवड्यांचा वर्ग किमतीतच धरलेला. एकही नग विकला गेल्याची नोंद नाही. इकडे दुसऱ्याच वर्षी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. मापं वाटी-चमच्यात, वर्गबिर्ग काही नाही, आणि प्रती लाखाच्या वर खपल्या. तेल पिऊन पानं आरपार दिसू लागलेली एक प्रत आमच्या फडताळातही आहे. हा सगळा इतिहास मला ठाऊक होता. घरात तो सांगायची गरज मला वाटली नाही.

सामान नागपूरला सीताबर्डीवर मिळालं. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताहून लहान कम्प्युटर, जो २०१२ साली इंग्लंडात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून स्वस्तात काढला गेला, आणि त्याला जोडायचा सात इंची टचस्क्रीन. चौकट गावच्या सुताराकडून. यवतमाळ जिल्ह्यात राहून प्लायवूड वापरणं बरं दिसत नाही, म्हणून सागवान. सुताराचा हात देवघरं करण्यात बसलेला, त्यामुळे त्यानं न सांगता वर एक नाजूक महिरप काढली आणि दोन्ही बाजूंना कमळं. शेजारच्या काकू बघायला आल्या त्या चप्पल बाहेर काढून, आणि आल्या आल्या हात जोडून मोकळ्या झाल्या. आईनं त्या चौकटीला हळदकुंकू लावलं ते आजही तिथंच आहे. स्टार्टचं बटण बरोबर त्याखाली येतं.

भिंत दीड हात जाड मातीची. ड्रिल लावलं की भोक पडायच्या ऐवजी माती वाहायला लागायची. प्लॅस्टिकची गट्टी ठोकावी तर ती सरळ आत निघून जायची, आणि अशा काही गट्ट्या त्या भिंतीच्या पोटात आजही नांदताहेत. शेवटी बाबांनी बाभळीची खुंटी तासून ठोकली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या भिंतीनं बैलाचं जू पेललं होतं, तिथे तुझ्या खेळण्याचं काय.

पडदा सुरू झाला आणि त्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली. या यंत्राला पाच व्होल्ट लागतात, ४.६३ च्या खाली गेलं की ते विजेचं चिन्ह दाखवून कुरकुर करतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की पंखाच हात मोजून फिरतो, तिथे या बिचाऱ्याचं काय. आईनं चिन्हाचा अर्थ आपल्या परीनं लावला: पडद्यावर वीज दिसली की बाहेर वीज पडणार. ती लगेच अंगणातले पापड आत घ्यायची. पावसाळ्यात तिचा अंदाज हवामान खात्याच्या तोडीस तोड निघाला, त्यामुळे मी खुलासा करायच्या भानगडीत पडलो नाही. मे महिन्यात त्याच कोपऱ्यात लाल तापमापी दिसू लागली. ऐंशी अंशांवर गेला की हा आपला वेग आपणच कमी करतो. बाहेर पंचेचाळीस, आत भाकरीचा तवा. आमच्याकडे त्या महिन्यात सगळेच तसं करतात.

आता बोटांची गोष्ट. असा पडदा पहिल्यांदा सुचला तो १९६५ मध्ये, इंग्लंडात माल्व्हर्नच्या रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांना, विमानांची वाहतूक हाकणाऱ्यांसाठी. बोट टेकलं की पडद्यावरच्या विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि त्यावरून जागा कळते. विमानं हाकणारी माणसं एकीकडे कणीक मळत नसत, हा मुद्दा महत्त्वाचा. बायकोच्या हाताला बेसन असलं की पडदा तिला ओळखायचा नाही. ती मग कोपरानं पान उलटायची, आणि कोपर मोठं असल्यामुळे पाटवडीच्या कृतीवरून थेट बातम्यांवर जायची. उलट पाण्याचा थेंब म्हणजे त्याला बोटच वाटायचं. कुकरची शिट्टी झाली, वाफ पडद्यावर बसून थेंब ओघळला, की आपोआप भजन सुरू. काकूंचे हात पुन्हा जोडले जायचे.

रात्रीचा कारभार पालीकडे. उजेडाला किडे, किड्यांना पाल, आणि पालीच्या पायालाही पडदा मान देतो. हे मी घरात सांगितलं तेव्हा कोणी मानेना. मग मी हवाईची हकिगत सांगितली. तिथल्या सील प्राण्यांच्या दवाखान्यातून २०१७ साली लोकांना सारखे फोन जाऊ लागले, उचलला तर पलीकडे कोणी बोलेना. शोधाशोध केली तर एक पाल फोनच्या टचस्क्रीनवर बसून आपल्या पायांनी नंबर लावत होती. आई म्हणाली, "तिले काही सांगायचं असन."

माझी खरी भिस्त मात्र चंद्रावर होती. मारेगाव मुंबईच्या पूर्वेला सहा अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमच्याकडे सूर्यचंद्र मुंबईपेक्षा सुमारे चोवीस मिनिटं आधी उगवतात. मी कम्प्युटरला मारेगावचे अक्षांश-रेखांश भरले आणि संकष्टीच्या सकाळी आईला ठणकावून सांगितलं, "तू आजवर कालनिर्णयातल्या मुंबईच्या चंद्राची वाट पाहत होतीस. दर चतुर्थीला चोवीस मिनिटं फुकट उपाशी."

आई म्हणाली, "आम्ही आंगणात जाऊन चंद्र पाह्यतो अन् मंग जेवतो. मुंबईचा चंद्र मुंबईवाले पाह्यतीन."

त्याच संध्याकाळी लाईट गेली. या कम्प्युटरला स्वतःचं सेलवरचं घड्याळ नसतं; वेळ तो इंटरनेटवरून विचारून घेतो. लाईट आली, नेट आलं नाही, आणि हा पठ्ठ्या जिथे झोपला होता तिथूनच पुढे चालू लागला. चंद्र चांगला कडुलिंबाच्या वर आला होता, आईच्या ताटातले मोदक संपत आले होते, आणि भिंतीवर दिवस मावळायला अजून अवकाश होता. आईनं त्याच्याकडे बघून नुसतं "असू दे" म्हटलं. असं ती लहान लेकरांना म्हणते.

आणि मग कापूस आला. मी सहज म्हणून पडद्याच्या एका कोपऱ्यात कापसाचे भाव दाखवायची सोय केली होती: वणी, पांढरकवडा, राळेगाव, आणि खाली हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल. ती खुंटी ठोकायचा दिवस आणि जेवणाची वेळ सोडून आमच्या बाबांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडल्याचं मला आठवत नाही. ते आता तासातासाला आत येऊ लागले. हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहायचे आणि त्याच्याशी वाद घालायचे. "आठ हजार एकशे दहा म्हणते हा. पण ओलाव्याचं काय?" हमीभाव पूर्ण मिळतो तो आठ टक्के ओलाव्यापर्यंत, बाराच्या वर सरकारी खरेदीत माल घेतच नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. तेवढ्यात कुकर झाला, पडदा धुरकटला आणि दोन भजनं एकदम लागली. बाबांनी काचेवरून बोट फिरवून शेरा दिला, "यालेच बारा टक्क्यांच्या वर ओलावा हाये. हा रिजेक्ट."

बायको हे सगळं बघत होती. ती शहाणी आहे. तिनं एक अक्षर न बोलता पडद्याखाली पाट मांडला आणि लसणाची टोपली ठेवली. "मामाजी, भाव येतवर बसा ना. अन् बसलेच हा त एवढं..."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा लसूण सोलला. भाव हलत नव्हता, त्यामुळे सगळी टोपली सोलून झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेजारचे काका आले, त्यांना तुरीच्या शेंगा मिळाल्या. मग सोयाबीनवाले दोघं आले. आमच्या जावईबापूंनी, ज्यांना त्यांच्या घरी पाण्याचा पेलाही हातात लागतो, दिवाळसणाला येऊन भावाची वाट बघत अंबाडीची अख्खी जुडी निवडली. हनीवेलवाल्यांनी तो कम्प्युटर बायांसाठी काढला, तिथेच ते फसले. भाजीच्या पाटाशी माणसं बसवली असती आणि दिव्यांवर बाजारभाव लावले असते, तर माल हातोहात गेला असता.

हल्ली संध्याकाळी घरातल्या बाया ओसरीवर वाऱ्याला बसलेल्या असतात आणि आतून 'वणीत पन्नासनं चढला' असा गलका ऐकू येतो. कृती बघायला तो पडदा कोणी वापरत नाही. दुधाचे खाडे कालनिर्णयवरच आहेत. परवा मी ओसरीवर गेलो तर बायकोनं चहाचा कप माझ्या हातात दिला. इतक्या प्रेमानं की मी सावध झालो.

"दुसरा कधी बसवता?"

"कुठे?"

"भांडे घासायच्या मोरीवर. जरा मोठा घ्या," ती म्हणाली. "अन् त्याच्यावर क्रिकेट लावा."