सूचक, अनुमोदक आणि अध्यक्ष

गावात सरपंच एकच असतो. सोसायटीला एक चेअरमन, दूध संस्थेला एक चेअरमन, यात्रा कमिटीला एक अध्यक्ष आणि गणपती मंडळाला एक, तोही दरवर्षी वर्गणीच्या हिशेबावरून बदलणारा. एवढ्या सगळ्या खुर्च्या भरल्या तरी गावात महत्त्वाकांक्षा शिल्लक राहतेच. ह्या शिल्लक मालाचं काय करायचं, हा प्रश्न कितीतरी वर्षं कुणाला सुटला नव्हता. तो सुटला २००९ साली, संसदेत, आणि तेही बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करताना. कायदा करणाऱ्यांच्या मनात आमच्या गावची महत्त्वाकांक्षा अर्थातच नव्हती, पालक होते. सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा असावा आणि निम्म्या महिला असाव्यात, असं त्यांनी कलम २१ मध्ये लिहिलं. कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला (तारीख निव्वळ योगायोगाची) आणि आमच्या अध्यक्षांची सोय झाली.

अध्यक्षांना स्वतःचं नाव आहे. पण ते आता सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावरच उरलं आहे. पारावर त्यांना अध्यक्ष म्हणतात, एसटीचा कंडक्टर अध्यक्ष म्हणतो. घरात वहिनीसुद्धा हाक मारतात, "अध्यक्ष, म्हैस सुटलीय!" ह्या हाकेतला सूर अध्यक्षांना कळत नाही असं नाही, पण हाक पदाची असल्यामुळे ते तिला ओ देतात आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात म्हशीमागे धावतात. शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतात. एक सहीचं. दुसरं कुणी मागितलं तर द्यायचं, त्यात रिफिल नसते.

ह्या पदाची पात्रता मोठी मजेदार आहे. पदवी नको, पैसा नको, पार्टीचं तिकीट नको. मूल त्या शाळेत शिकत असलं की झालं. आता आमच्या गावात रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. सरपंचांची मुलं त्या गाडीत, सोसायटीच्या चेअरमनची नातवंडं त्या गाडीत. अध्यक्षांचा मुलगा मात्र दप्तर पाठीला लावून पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत. लोकांना वाटतं, काय हे मराठीवरचं प्रेम! अध्यक्षही मातृभाषेतल्या शिक्षणावर बोलायला लागले की थांबत नाहीत. पण मूल गाडीत चढलं की खुर्ची गेली, हे त्यांना मातृभाषेपेक्षा पक्कं ठाऊक आहे. मुलगा चौथीत गेला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, कारण शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या जूनमध्ये धाकट्या मुलीचं नाव पहिलीत घातलं आणि त्यांनी गावभर पेढे वाटले. मुलगी शिकली, प्रगती झाली, असं म्हणत लोकांनी पेढे खाल्ले. ते पेढे मुदतवाढीचे होते.

तरी एक सांगतो. हेतू काही का असेना, दोन मुलं जिल्हा परिषदेच्या पटावर राहिली. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा, असा हिशेब आहे. साठाच्या आसपास घुटमळणाऱ्या शाळेत एकेका मुलाची किंमत काय असते, ते हेडमास्तरांना विचारा. खुर्चीच्या लोभाने का होईना, मूल सरकारी शाळेत ठेवणारा पुढारी मला भाषण करून पिवळ्या गाडीला हात दाखवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

हेडमास्तर हे समितीचे सदस्य-सचिव. बँकेतलं खातं दोघांच्या सह्यांचं. एवढ्या एका सहीवर अध्यक्षांनी आपलं राज्य उभं केलं आहे. तीस ते शंभर पटाच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला पंचवीस हजार रुपये मिळतात. त्यात खडू, वीजबिल, डागडुजी, सगळं आलं, आणि त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर घालायचा असतो. हे पंचवीस हजार खात्यावर आले की अध्यक्ष फोन करतात, "सर, मी येतोय. चहाची गडबड करू नका." मग सर चहाची गडबड करतात. चेकबुक निघतं. अध्यक्ष चष्मा लावतात, रक्कम आकड्यात वाचतात, अक्षरात वाचतात आणि सही अशी करतात की बँकेतला कारकून दर वेळी नमुन्याची सही काढून शेजारी ठेवतो.

दुसरा अधिकार खिचडीचा. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चाखायचा आणि वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. नियम मुलांच्या जिवासाठी आहे आणि चांगला आहे. अध्यक्ष तो मनापासून पाळतात. चव एका घासात नीट कळत नाही असं त्यांचं मत असल्याने ताट घेऊन बसतात. एकदा त्यांनी वहीत लिहिलं, 'मीठ कमी.' स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी ते वाचलं, पळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अध्यक्ष, उद्याच्याला तुमीच करा." त्या दिवसापासून वहीत दर पानावर एकच शब्द आहे: 'उत्कृष्ट.'

आता आगामी कार्यक्रमांकडे येऊ. हेडमास्तरांच्या खुर्चीमागे फळा आहे, त्यावर वर्षाचे कार्यक्रम लिहिलेले असतात. जूनमध्ये प्रवेशोत्सव, मग पंधरा ऑगस्ट, पाच सप्टेंबरला शिक्षक दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. मुलांच्या दृष्टीने हे उत्सव. सरांच्या दृष्टीने फोटो काढून वर पाठवायची कामं. अध्यक्षांच्या दृष्टीने हे सारे 'प्रमुख उपस्थिती'चे दिवस. प्रवेशोत्सवात पहिलीच्या पोरांना ट्रॅक्टरमधून वाजतगाजत आणतात, पाय कुंकवात बुडवून कागदावर ठसे घेतात. ट्रॅक्टर अध्यक्षांचा. त्यामुळे ट्रॉलीत पोरं आणि पुढे मडगार्डवर फेटा बांधून अध्यक्ष. नवीन आलेल्या शिक्षिकेला वाटलं, वरात आहे.

पंधरा ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. मुलांनी त्या दिवशी पुस्तकं वाचायची असतात. अध्यक्षांनी वाचनाच्या महत्त्वावर एवढं भाषण केलं की वाचायला वेळच उरला नाही. शेवटी 'मी स्वतः रोज वाचतो' असं ते म्हणाले, तेव्हा त्यांचाच मुलगा शेजारच्या पोराला कुजबुजला, "व्हाट्सॅप." माइक चालू होता.

गॅदरिंगची गोष्ट निराळीच. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, मग सत्कार. आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांसोबत आलेल्यांचा, मग ज्यांनी मंडपाला वीज दिली त्यांचा, मग पाहुण्यांच्या हस्ते अध्यक्षांचा, आणि उपकाराची फेड म्हणून अध्यक्षांच्या हस्ते पाहुण्यांचा परत एकदा. कोळीनृत्याचे कोळी तोवर टोपल्यांसकट झोपी जातात.

मध्यंतरी 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला तीन लाख आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला एक्कावन्न लाख, हे आकडे ऐकल्यापासून अध्यक्षांची झोप उडाली. तालुका त्यांनी मनात कधीच ओलांडला होता, एक्कावन्न लाखांतून कमान केवढी बांधायची आणि तिच्यावर नाव कुठल्या बाजूला घालायचं, इथपर्यंत ते पोचले होते. भिंती रंगल्या, पाढे भिंतींवर चढले. लोकवर्गणीसाठी अध्यक्ष दारोदार फिरले. हे खरंच फिरले, त्यात खोट नाही. तपासणी उद्यावर आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की गुणांच्या यादीत परसबागही आहे. रात्रीतून अध्यक्षांच्या रानातली मेथी आणि कोथिंबीर मुळासकट शाळेच्या आवारात आली. सकाळी तपासणी समितीतल्या साहेबांनी कौतुकाने पहिलीतल्या एका मुलीला विचारलं, "बाळ, ही भाजी कुणी लावली?" मुलगी म्हणाली, "पप्पांनी. काल रात्री." ती अध्यक्षांचीच मुलगी होती.

शाळेला बक्षीस मिळालं नाही, पण अध्यक्षांना पुरस्काराची तहान लागली ती लागलीच. शिक्षकांना राज्य पुरस्कार असतो, शाळेला अभियानाचं बक्षीस असतं, पोरांना स्कॉलरशिप असते, मग समितीच्या माणसाने काय पाप केलं? पदाला मानधन नाही. भत्ता नाही. ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. आणि अशी तक्रार असणाऱ्यांचे नंबर कुणाकडे तरी नेमके पोचतात. एके दिवशी फोन आला: आपल्या शैक्षणिक कार्याची दखल घेऊन राज्यस्तरीय पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. नोंदणी शुल्क भरा. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानचिन्ह, मानपत्र आणि एका माणसाचं जेवण. सोबत येणाऱ्याच्या जेवणाचे वेगळे.

अध्यक्षांनी शुल्क भरलं. सोबत वहिनींना नेलं, म्हणजे त्यांच्या जेवणाचेही भरले. शहरातल्या त्या सभागृहात प्रेक्षकांत एकही प्रेक्षक नव्हता, सगळे पुरस्कारार्थीच. रांगेने वर जायचं, फोटोकडे बघायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. फेटा उतरताना काढून घेत होते, कारण तो मागच्याला बांधायचा होता. घरी येऊन मानपत्र नीट वाचलं तेव्हा कळलं की नाव बरोबर आहे, पण गौरव पशुसंवर्धनातील योगदानाबद्दल झाला आहे. अध्यक्ष हिरमुसले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "म्हशीचं सगळं मी करते. मग फेटा मला बांधायचा हुता."

तेव्हापासून बाहेरच्यांवर विसंबायचं नाही असं ठरवून अध्यक्षांनी गावातच पुरस्कार सुरू केला, समितीच्या सदस्यांसाठी. इथे सभेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. सभा महिन्याला एक व्हायची असते, आणि प्रोसिडिंगच्या वहीप्रमाणे ती होतेही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सर ठराव लिहितात आणि वही घरोघर फिरते. ज्यांनी निम्म्या जागा महिलांना दिल्या त्यांना हे दृश्य बघायला मिळायला हवं होतं: वही चुलीपाशी येते, बाई पिठाचा हात पदराला पुसते, सही करते आणि पुन्हा भाकरी थापायला लागते. वरती लिहिलेलं असतं, 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.'

तर पुरस्कार. सदस्य सगळेच आपले, एकालाही वगळलं तर राजकारण होणार. मग प्रत्येकासाठी कारण शोधणं आलं. जो सभेला चक्क दोनदा आला, त्याला 'उत्कृष्ट उपस्थिती'. ज्याचं नाव ठरावाखाली नेहमी पहिलं असतं त्याला 'उत्कृष्ट सूचक'. ज्याचं दुसरं, त्याला 'उत्कृष्ट अनुमोदक'. ह्या दोघांत वाद झाला, कारण अनुमोदकाचं म्हणणं, सूचना कुणीही करील, अनुमोदनाला धाडस लागतं. शेवटी दोघांची सन्मानचिन्हं एकाच उंचीची आणली.

एक सदस्या तेवढ्या उरल्या. ह्या बाई खरोखर सभेला यायच्या, आणि येऊन बोलायच्या. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही, हे त्यांनी पहिल्या सभेत सांगितलं. ठराव झाला. दुसऱ्या सभेत सांगितलं, विषय पुढील सभेत घेण्याचा ठराव झाला. स्वच्छतेचा दहावा हिस्सा तोवर वॉश बेसिनच्या वरच्या 'स्वच्छ शाळा' ह्या फ्लेक्सवर खर्च झाला होता, अध्यक्षांच्या फोटोसह. तिसऱ्या सभेला बाई बोलल्या नाहीत. बाजारच्या दिवशी त्यांनी कडी आणि स्क्रू विकत आणले, नवऱ्याकडून बसवून घेतले, आणि तेव्हापासून कडीअभावी घरी राहणाऱ्या मुली शाळा बुडवेनाशा झाल्या. त्यांना कुठला पुरस्कार द्यावा हे कुणाला सुचेना. पत्रिकेत 'विशेष सहकार्य' असं छापलं. समारंभाला त्या आल्या नाहीत, कांद्याची लागण चालू होती.

ह्यात अध्यक्षांना मी खलनायक करणार नाही. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी होती तेव्हा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दाराबाहेर दिवसच्या दिवस बसून राहणारा माणूस हाच. साहेब येत नाहीत म्हटल्यावर घरून डबा आणून तिथेच जेवणारा. शिक्षक आला तो ह्यांच्यामुळे. गंमत अशी, की ह्या कामाचा फोटो कुणी काढला नव्हता, त्यामुळे ते स्वतःच त्याला धरत नाहीत.

समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि ती आता संपत आली आहे. पालकसभेत नवी समिती निवडायची आहे, अध्यक्ष पुन्हा उभे आहेत आणि बहुतेक निवडून येतील. माझी तक्रार नाही. शाळेत तुमचं मूल असेल तर मत तुमचंही आहे, आणि त्या कडीवाल्या बाई ह्या वेळी नको म्हणत आहेत, त्यांना चार घरच्या बायांनी जाऊन गळ घालावी. आणि महिन्याची वही दारात आलीच, तर हात पुसून सही करण्याआधी वरचा ठराव तेवढा वाचा.